चार फ्रेम, एक ठिपका: सर्वेक्षणाच्या चित्रांमधून लघुग्रह कसा शोधायचा आणि पक्का कसा करायचा

मी 'शोधलेला' पहिला लघुग्रह हा लघुग्रह नव्हताच. तो कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा एक बिघडलेला पिक्सेल होता. चार फ्रेम एकापाठोपाठ फिरवून बघताना ठिपका छान सरळ रेषेत, जवळजवळ सारख्या अंतराने पुढे सरकत होता. रात्रीचा दीड वाजला होता, झोप उडाली होती आणि मी काहीही न तपासता अहवाल पाठवून दिला. दोन दिवसांनी तो नाकारल्याचं कळलं. मग मूळ फ्रेम उघडून बघितल्या. चारही फ्रेममध्ये तो ठिपका सेन्सरच्या अगदी त्याच पिक्सेलवर बसलेला. सरकत होतं ते आकाश. दुर्बिणीचा रोख दर फ्रेमला थोडा थोडा एकाच बाजूला गेला होता, सॉफ्टवेअरने तारे एकमेकांवर बसवायला फ्रेम सरकवल्या, आणि जागचा न हललेला पिक्सेल मला चालताना दिसला.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. ठिपका दिसला की तो लघुग्रह नाही हे सिद्ध करायच्या मागे आधी लागायचं. ते जमलं नाही, तरच पुढची पायरी. या लेखात शोधण्यापेक्षा उलटतपासणीवर जास्त मजकूर आहे तो त्यामुळेच. ठिपके दिसायला पहिल्या आठवड्यातच लागतात, त्यांच्यावर अविश्वास ठेवायला वेळ लागतो.

नेमकं काय शोधायचं असतं

आकाशाच्या एकाच तुकड्याची काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली तीन-चार चित्रं घ्यायची. तारे जागच्या जागी राहतात, सूर्यमालेतली वस्तू सरकते. एवढंच तत्त्व. माक्स वोल्फ यांनी १८९१ साली छायाचित्राच्या काचेवरून पहिला लघुग्रह शोधला तेव्हाही हेच होतं, आणि १९३० मध्ये क्लाइड टॉम्बॉ यांना दोन काचा आलटून पालटून बघताना प्लूटो सापडला तेव्हाही हेच.

किती सरकते, हा आकडा मात्र डोक्यात पक्का हवा. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह प्रतियुतीच्या सुमारास, म्हणजे सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असताना, मिनिटाला साधारण अर्धी विकला सरकतो. विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी सुमारे १८०० विकला धरली, तर तेवढं अंतर कापायला या लघुग्रहाला अडीच दिवस लागतील. फ्रेममधलं अंतर १८ मिनिटांचं असेल तर दोन फ्रेममध्ये तो ९ विकला पुढे गेलेला दिसेल. चित्राचा एक पिक्सेल पाव विकलेचा असला तर ही उडी ३६ पिक्सेलची, डोळ्याला सहज कळणारी.

पृथ्वीजवळून जाणारे लघुग्रह बरेचदा यापेक्षा खूप वेगाने पळतात. नेपच्यूनपलीकडच्या वस्तू तासाला जेमतेम ३ विकला सरकतात, त्यामुळे तासाभराच्या चार फ्रेममध्ये त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. दिशाही सांगून ठेवतो. प्रतियुतीजवळ पृथ्वी आतल्या कक्षेतून लघुग्रहाला मागे टाकत असते, म्हणून तो वक्री दिसतो आणि पश्चिमेकडे सरकतो. एकाच फ्रेममधले मुख्य पट्ट्यातले लघुग्रह साधारण एकाच दिशेला, साधारण एकाच वेगाने जातात. ही गोष्ट पुढे फार कामाला येते.

चित्रं कुठून मिळवायची

स्वतःची दुर्बीण लागत नाही. तीन वाटा आहेत.

सगळ्यात सोपी वाट म्हणजे झूनिव्हर्स या लोकविज्ञानाच्या संकेतस्थळावरचा 'द डेली मायनर प्लॅनेट' हा प्रकल्प. ॲरिझोनातल्या कॅटलिना स्काय सर्व्हेच्या ताज्या चित्रांमध्ये संगणकाने निवडलेले संशयित ठिपके तिथे चार-चार फ्रेमच्या छोट्या चलचित्रांत दिसतात आणि आपण खरा की खोटा ते सांगायचं. मोजमाप काहीच नाही, पण डोळा तयार व्हायला यासारखी शाळा नाही. पाचशे-हजार संशयित बघा, खोटे ठिपके किती प्रकारचे असतात ते आपोआप कळतं.

दुसरी वाट इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशनच्या मोहिमांची. लोक हिला आयएएससी म्हणतात. हवाईतल्या हालेआकाला शिखरावर पॅन-स्टार्सच्या १.८ मीटरच्या दोन दुर्बिणी आहेत, प्रत्येकीचा कॅमेरा सुमारे १४० कोटी पिक्सेलचा. त्यांच्या चित्रांचे संच नोंदणी केलेल्या गटांना फुकट मिळतात आणि गटाने स्वतः मोजमाप करून अहवाल द्यायचा असतो. हा लेख मुख्यतः अशा कामासाठी आहे.

तिसरी वाट जुन्या चित्रांच्या सार्वजनिक संग्रहांची. झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटीसारख्या सर्वेक्षणांची चित्रं खुली होत असतात. पण इथे चित्रं निवडणं, उतरवणं, वेळा तपासणं सगळं आपल्या अंगावर. सुरुवात इथून करू नका.

एक रास्त शंका असते: हे सगळं संगणक करत असताना माणूस कशाला? शंका बरोबरच आहे. चिलीतल्या रुबिन वेधशाळेने २०२५ च्या जूनमध्ये पहिली चित्रं दाखवली तेव्हा सुमारे दहा तासांच्या निरीक्षणांतून २१०४ नवे लघुग्रह काढले होते. ठळक ठिपके यंत्रणा आपल्याआधीच उचलते. आपल्या वाट्याला येतात ते गोंगाटाच्या पातळीला टेकलेले, ताऱ्यांच्या गर्दीत लपलेले, चारपैकी एका फ्रेममध्ये ताऱ्याआड गेलेले. म्हणजे जिथे निर्णय अवघड तिथे आपण. हे आधीच माहीत असलं की निराशा कमी होते.

बैठक मांडणे

चित्रं फिट्स स्वरूपात येतात. जेपीजी हे फक्त दिसण्यासाठी असतं. फिट्समध्ये प्रत्येक पिक्सेलची मूळ संख्या असते आणि शीर्षभागात वेळ, एक्स्पोजर, दुर्बिणीचा रोख हे सगळं लिहिलेलं असतं. मोजमापासाठी बहुतेक जण विंडोजवर चालणारं अ‍ॅस्ट्रोमेट्रिका वापरतात. टायको ट्रॅकर हे दुसरं सॉफ्टवेअर बऱ्याच फ्रेम वेगवेगळ्या वेगाने आणि दिशांनी सरकवून एकावर एक रचतं, त्यामुळे एकेका फ्रेममध्ये न दिसणारी वस्तूही वर येते. चारच फ्रेम असताना त्याचा फारसा फायदा नाही. रात्रभरात काढलेल्या शंभर फ्रेम असतील तर आहे.

मोहिमेत तयार सेटिंगची फाइल मिळते, ती घालायची आणि तिच्यात हात घालायचा नाही. स्वतः सेटिंग करत असाल तर या गोष्टी दोनदा बघा: वेधशाळेचा संकेतांक (पॅन-स्टार्सच्या दोन दुर्बिणींचे संकेतांकही वेगवेगळे आहेत), पिक्सेलचं माप, तारासूची आणि वेळ. तारासूची गाया उपग्रहाची घ्यावी, आज तिच्याइतकी अचूक दुसरी नाही.

वेळेबद्दल जरा जास्त बोलतो, कारण नवशिक्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. अहवालात एक्स्पोजरच्या मध्याची वेळ द्यायची असते, तीही जागतिक वेळेत. शीर्षभागात मात्र पुष्कळदा एक्स्पोजर सुरू झाल्याची वेळ असते. ४५ सेकंदांच्या फ्रेममध्ये यातला फरक साडेबावीस सेकंदांचा. मिनिटाला अर्धी विकला चालणाऱ्या लघुग्रहाला त्याने ०.२ विकलेचा फरक पडेल, म्हणजे चालून जाईल. मिनिटाला १० विकला पळणाऱ्याच्या बाबतीत तोच फरक पावणेचार विकलांचा होतो, आणि ते मोजमाप निरुपयोगी ठरतं.

आता फ्रेम उघडायच्या आणि तारासूचीशी जुळवायच्या. प्रत्येक फ्रेममागे किती तारे जुळले आणि सरासरी चूक किती राहिली हे सॉफ्टवेअर सांगतं. चूक ०.२ ते ०.३ विकलेच्या आत आणि चारही फ्रेममध्ये सारखी असायला हवी. एखाद्या फ्रेमचा आकडा एकदम वेगळा आला तर तिथेच थांबा. पाया वाकडा असताना वरचं मोजून उपयोग नाही.

आधी ओळखीचे

नव्याच्या मागे धावण्याआधी फ्रेममधले माहीत असलेले लघुग्रह शोधायचे. जगभरातली लघुग्रहांची मोजमापं जमा करणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरची कक्षांची ताजी फाइल उतरवून सॉफ्टवेअरला दिली की ओळखीचे कुठे असायला हवेत ते चित्रावर दिसतं. 'ताजी' या शब्दाकडे लक्ष द्या. महिनाभर जुनी फाइल घेऊन बसलात तर गेल्या महिन्यात दुसऱ्याच कुणी शोधलेला लघुग्रह तुम्हाला नवा वाटेल.

एका ओळखीच्या लघुग्रहावर खूण करा आणि त्याची चाल निरखा. एका फ्रेममधून दुसऱ्या फ्रेममध्ये किती पिक्सेल, कोणत्या दिशेला. त्या फ्रेममध्ये आणखी जे काही मुख्य पट्ट्यातलं असेल ते साधारण असंच चालणार. शिवाय एक मोफत तपासणी होते: ओळखीचा, पक्क्या कक्षेचा लघुग्रह भाकिताच्या जागेपासून एखाद्या विकलेपेक्षा जास्त सरकलेला दिसला तर चूक बहुधा त्याची नाही, तुमच्या वेळेच्या सेटिंगची आहे.

ब्लिंक करणे

ब्लिंक म्हणजे चारही फ्रेम एकापाठोपाठ फिरवून हलणारा ठिपका शोधणं. आधी चित्र उलटं करा, म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे तारे. मंद ठिपके असे लवकर दिसतात. कॉन्ट्रास्ट इतकाच वाढवा की पार्श्वभूमीचा गोंगाट जरासा दिसू लागेल. तो अजिबात दिसत नसेल तर मंद लघुग्रहही दिसणार नाहीत. मग चित्राचे मनात नऊ भाग पाडायचे आणि एकेक भाग मोठा करून बघायचा. पूर्ण चित्र एकदम बघायचा मोह होतो, त्यात हमखास काहीतरी सुटतं.

फ्रेम फिरण्याचा वेग फार जास्त नको. सेकंदाला दोन-तीन फ्रेम पुरतात. नजर एका ठिपक्यावर रोखू नका, तो तुकडा सैलसर नजरेने बघा, हालचाल डोळ्याच्या कडेने आधी जाणवते. चारही फ्रेमचं चक्र प्रत्येक भागात निदान दहा वेळा फिरू द्या. आणि वीस मिनिटांनी उठा. थकलेल्या डोळ्यांना गोंगाटात रेषा दिसायला लागतात, हे मी थट्टेने म्हणत नाही. चार फ्रेममध्ये इतके यादृच्छिक ठिपके असतात की त्यातले कुठले तरी तीन एका रेषेत येणारच.

सॉफ्टवेअरमध्ये हलत्या वस्तू आपोआप शोधायचं बटण असतं. ते वापरा, पण डोळ्याने बघून झाल्यावर. आधी वापरलं की आपण फक्त त्याने दाखवलेलंच तपासतो.

उलटतपासणी

ठिपका सापडला. आता तो खोटा असल्याची कारणं शोधायची.

पहिला संशय सेन्सरवर. माझ्यासारखी फसगत टाळायची तर मूळ, न सरकवलेल्या फ्रेममधले पिक्सेलचे आकडे बघा. चारही ठिकाणी तेच आडवे-उभे आकडे आले की विषय संपला. काही सर्वेक्षणांची चित्रं आपल्यापर्यंत येण्याआधीच जुळवून नव्या जाळीवर बसवलेली असतात. तिथे ही युक्ती चालत नाही. मग आकारावर जायचं. दुर्बिणीतून आलेला प्रकाश वातावरणामुळे पसरतो, म्हणून ताऱ्याचा ठिपका मधे गडद आणि कडेला विरत जाणारा असतो. बिघडलेला पिक्सेल मात्र टोचल्यासारखा, कडक कडांचा दिसतो. वैश्विक किरणाचा ठिपकाही तसाच असतो, पण तो एकाच फ्रेममध्ये येतो.

ठिपक्यावर टिचकी मारली की सॉफ्टवेअर त्याचा प्रकाश किती पसरलाय याचा आलेख काढतं: मोजलेले बिंदू आणि त्यांच्यावर बसवलेला घंटेच्या आकाराचा वक्र. शेजारच्या एखाद्या मंद ताऱ्याचा आलेख आधी बघून ठेवा. लघुग्रहाच्या वक्राची रुंदी त्याच्याइतकीच हवी. ताऱ्याची १.२ विकला आणि आपल्या ठिपक्याची ०.५ असेल तर तो आकाशातून आलेलाच नाही. खूपच रुंद आणि विस्कटलेला असेल तर गोंगाटाचा गोळा, दोन ताऱ्यांची सरमिसळ किंवा मंद दीर्घिका. क्वचित कधी चारही फ्रेममध्ये सारखाच रुंद, सरकणारा आणि एका बाजूला धुरकट दिसणारा ठिपका भेटतो. तो घाईने टाकू नका, धूमकेतूही असाच दिसतो.

तेजस्वी ताऱ्यांच्या आजूबाजूला सगळंच संशयास्पद. त्यांच्यापासून निघालेल्या रेघा, भिंगांमधल्या परावर्तनाचे फिकट गोळे, सेन्सरच्या तुकड्यांमधल्या काळ्या पट्ट्यांच्या कडा, यांच्या लगतचा ठिपका मी सहसा सोडून देतो. एखादा खरा हातचा जात असेल, जाऊ दे.

आकड्यांची साक्ष

डोळ्याचं समाधान झालं की आकडे. समजा चार फ्रेम ८ वाजून १२ मिनिटांनी, ८:३०, ८:४८ आणि ९:०६ ला घेतल्या आहेत. एका ठिपक्याचं पहिल्या जागेपासूनचं अंतर पुढच्या तीन फ्रेममध्ये ९.६, १९.१ आणि २८.९ विकला आलं. म्हणजे टप्पे ९.६, ९.५, ९.८. मिनिटाला सुमारे ०.५३ विकला, मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहाला साजेसा वेग. प्रत, म्हणजे तेजाचं माप (आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद), भरली २१.३, २१.१, २१.५, २१.२. हा उभा राहतो.

दुसऱ्या ठिपक्याची अंतरं ९.१, १३.० आणि २४.६. टप्पे ९.१, ३.९, ११.६. ब्लिंक करताना हा पहिल्याइतकाच देखणा दिसला असेल, रेषाही सरळ असेल, पण तासाभरात कुठलाही लघुग्रह असा अडखळत चालत नाही. हे तीन-चार असंबद्ध गोंगाट आहेत. टाकून द्या.

प्रतीतला फरक किती चालवून घ्यायचा? इथे सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर बघायचं, सॉफ्टवेअरमध्ये ते एसएनआर नावाने दिसतं. प्रतीतली अनिश्चितता काढायला १.०९ ला या गुणोत्तराने भागायचं. गुणोत्तर ५ असेल तर अनिश्चितता ०.२ प्रतीची, म्हणून वरच्या उदाहरणातली २१.१ ते २१.५ ही उडी क्षम्य आहे. गुणोत्तर २० असताना तेवढीच उडी आली असती तर मी थबकलो असतो. वेगाने गिरक्या घेणारे लांबुळके लघुग्रह तासाभरात तेज बदलतात हे खरं, पण ती पळवाट शेवटी वापरायची, आधी नाही. गुणोत्तर ५ च्या खाली असलेल्या मापांवर मी अहवाल देत नाही.

चारपैकी तीनच फ्रेममध्ये दिसला तर? चौथ्यात का दिसला नाही याचं कारण चित्रात दिसायला हवं. त्या जागी तारा असेल, सेन्सरची काळी पट्टी असेल, तर ठीक. जागा मोकळी आहे आणि तरी ठिपका नाही, तर नाही.

आणखी एक बारकावा. ४५ सेकंदांत मुख्य पट्ट्यातला लघुग्रह ०.४ विकला सरकतो, ताऱ्याच्या ठिपक्याच्या रुंदीपेक्षा कमी, म्हणून तो गोलच दिसतो. मिनिटाला १० विकला जाणारा याच वेळात साडेसात विकलांची रेघ ओढतो. म्हणजे फ्रेमगणिक मोठी उडी मारणारा ठिपका गोल असेल तर तो खोटा. वेग आणि रेघेची लांबी एकमेकांशी जुळलीच पाहिजे.

तो आधीच कुणाचा आहे का

नव्याने सापडलेले बहुतेक खरे लघुग्रह आधीच कुणीतरी नोंदवलेले असतात. आजवर नोंद झालेल्यांची संख्या चौदा लाखांच्या पुढे आहे. मायनर प्लॅनेट सेंटरच्या तपासणी पानावर वेळ, विषुवांश आणि क्रांती (आकाशातले रेखांश-अक्षांश म्हणा) आणि वेधशाळेचा संकेतांक दिला की त्या जागेच्या आसपासच्या ज्ञात वस्तूंची यादी मिळते. जागा जुळण्याइतकंच वेग आणि दिशा जुळण्याला महत्त्व द्या. कक्षा जुजबी असलेला लघुग्रह भाकितापासून बराच दूर सापडू शकतो, पण त्याची चाल सहसा भाकितासारखीच असते.

पृथ्वीजवळची वाटणारी वस्तू असेल तर मानवनिर्मित यानांचाही विचार करा. २००७ मध्ये '२००७ व्हीएन८४' म्हणून जाहीर झालेला लघुग्रह प्रत्यक्षात पृथ्वीजवळून निघालेलं रोझेटा यान होतं. जानेवारी २०२५ मध्ये '२०१८ सीएन४१' हे नाव मिळालेली वस्तू २०१८ साली अवकाशात सोडलेली टेस्लाची मोटार निघाली आणि एका दिवसाच्या आत ते नाव मागे घ्यावं लागलं. एवढ्या अनुभवी यंत्रणेचं असं होतं, तर आपलं होणारच.

अहवाल

मायनर प्लॅनेट सेंटर ही आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या छत्राखाली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजहून चालणारी संस्था. सगळ्या जगातली लघुग्रहांची मोजमापं तिथे जमा होतात. मोहिमेतला अहवाल आधी मोहिमेचे लोक तपासतात, मग तो पुढे जातो. स्वतंत्र निरीक्षक थेट पाठवतात.

जुनं स्वरूप ८० रकान्यांच्या ओळीचं आहे: वस्तूचं तात्पुरतं नाव, तारीख, विषुवांश, क्रांती, प्रत, संकेतांक. प्रत्येक गोष्टीचा रकाना ठरलेला. वेळ दिवसाच्या दशांशात लिहायची, पाचव्या दशांश स्थळापर्यंत, म्हणजे सेकंदाच्या आसपास. एक मोकळी जागा इकडची तिकडे झाली की ओळ वाया, म्हणून ही फाइल हाताने टंकू नका आणि वर्ड प्रोसेसरमध्ये उघडू नका. सॉफ्टवेअरला लिहू द्या. नव्या एडीईएस स्वरूपात प्रत्येक मापासोबत त्याची अनिश्चितताही देता येते. तात्पुरतं नाव सात रोमन अक्षर-आकड्यांपर्यंतचं, आपल्या मनाचं, पण दर वस्तूला वेगळं. एकच नाव दोन वस्तूंना दिलं की नंतर निस्तरताना नाकी नऊ येतात.

पाठवण्याआधी मी फाइल बाजूला ठेवून झोपतो. सकाळी ती चार मापं पुन्हा, पहिल्यांदा बघतोय अशा नजरेने बघतो. यात आठवड्याला एखादा तरी ठिपका गळतो. अपवाद एकच: ठिपका पळणारा असेल, तर झोपायचं नाही. ६ ऑक्टोबर २००८ ला ॲरिझोनातल्या माउंट लेमनवरून दिसलेला '२००८ टीसी३' दिवसही पुरा व्हायच्या आत सुदानवर वातावरणात शिरून फुटला.

दुसरी रात्र

एका रात्रीच्या तीन-चार मापांना ट्रॅकलेट म्हणतात. एकट्या ट्रॅकलेटवरून कक्षा निघत नाही. तासाभराची चाल इतकी सरळ असते की जवळचा लहान आणि लांबचा मोठा यांत फरक करता येत नाही. मायनर प्लॅनेट सेंटरमध्ये सर्वात आधी त्यावर एक गणित केलं जातं, डायजेस्ट२ नावाचं. ही चाल पृथ्वीजवळच्या लघुग्रहाची असण्याची शक्यता किती, याला ते ० ते १०० मध्ये गुण देतं. ६५ किंवा जास्त गुण मिळाले तर वस्तू पुष्टीसाठीच्या जाहीर यादीत लागू शकते आणि त्याच रात्री दुसऱ्या दुर्बिणी तिच्यामागे लागतात. त्याहून कमी असेल आणि कशाशीच जुळत नसेल, तर ट्रॅकलेट एकाकी ट्रॅकलेटच्या फाइलमध्ये जाऊन पडतो. तिथे अशी लाखो मापं जोडीदाराची वाट बघत पडून आहेत.

म्हणून दुसरी रात्र. वरच्या उदाहरणातला ठिपका २४ तासांत सुमारे ७६० विकला, म्हणजे पावणेतेरा कला (६० विकलांची एक कला) पुढे गेलेला असेल. मापातल्या चुकीमुळे भाकितात पाच-सहा विकलांचा फरक पडेल, शिवाय त्याचं अंतर माहीत नसल्यामुळे आणखी थोडा. एवढ्या जागेत त्याच प्रतीचा, त्याच चालीचा ठिपका शोधायला पंधरा मिनिटं लागतात. आठवडा गेला की सरळ रेषेचं भाकीत चालत नाही, कारण मधल्या काळात पृथ्वी आपल्या कक्षेत पुढे गेलेली असते. महिना गेला की बहुधा हरवलाच. हातात दुर्बीण नसेल तर त्याच भागाची आधीच्या-नंतरच्या रात्रींची सर्वेक्षणाची चित्रं संग्रहात आहेत का बघा. दोन रात्रींची मापं आली की फाइंड-ऑर्बसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कक्षा बसवून बघा. सगळ्या मापांची चूक अर्ध्या विकलेच्या आत राहून मुख्य पट्ट्यातली साधी कक्षा निघाली तर दोन्ही रात्रींचे ठिपके एकाच वस्तूचे. कक्षा अफाट लांबट किंवा चमत्कारिक कलती निघाली तर विलक्षण शोध लागला असं समजू नका. दोन वेगळे ठिपके एकत्र बांधले गेले असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

ज्युसेप्पे पियाझी यांनी १ जानेवारी १८०१ ला इटलीतल्या पालेर्मोहून सेरीस हा पहिलावहिला लघुग्रह पहिल्यांदा मोजला. दुसऱ्या रात्री माप जुळेना तेव्हा त्यांना पहिला संशय आला तो स्वतःच्या मोजमापाचा. मग ते रात्रीमागून रात्री मोजत राहिले. फेब्रुवारीत निरीक्षण थांबलं, सेरीस सूर्याच्या उजेडात गेला आणि हरवला. त्याच मापांवरून गणितज्ञ गाउस यांनी कक्षा काढली म्हणून वर्षअखेर तो परत सापडला.

मापांचा काळ वाढला की कक्षा किती बदलते याचं अलीकडचं उदाहरण '२०२४ वायआर४'चं. २७ डिसेंबर २०२४ ला ॲटलास या सर्वेक्षणाच्या चिलीतल्या दुर्बिणीने तो शोधला. २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारीच्या मध्यावर सुमारे ३ टक्क्यांपर्यंत चढली आणि आणखी मापं येताच आठवड्याभरात जवळजवळ शून्यावर आली. लघुग्रह तोच होता, त्याच वाटेवर होता. अरुंद होत गेलं ते आपलं अज्ञान.

नाव मिळेपर्यंत

दोन रात्रींची मापं जुळली की तात्पुरतं अधिकृत नाव मिळतं, आणि ते वाचता येतं. '२०२४ वायआर४' घ्या. २०२४ हे वर्ष. पहिलं अक्षर पंधरवडा सांगतं. रोमन लिपीतली ए ते वाय ही अक्षरं, मधलं आय वगळून, चोवीस पंधरवड्यांना दिली आहेत आणि वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. दुसरं अक्षर त्या पंधरवड्यातला क्रम, इथेही आय नाही, म्हणून पंचवीस अक्षरं. आर हे सतरावं. शेवटचा ४ म्हणजे पंचविसाची चार आवर्तनं झाली. चार गुणिले पंचवीस अधिक सतरा, त्या पंधरवड्यातला ११७ वा.

तुमच्या ट्रॅकलेटला असं नाव आलं की केंद्राच्या डेटाबेसमध्ये ते शोधून बघा. कधी कधी नाव तुमच्या तारखेचं नसतंच. पाच वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी विसरलेल्या मापांशी जोड लागलेली असते. मग शोधाचं श्रेय त्यांच्याकडे जातं आणि आपली चार मापं त्याची कक्षा घट्ट करायला उपयोगी पडतात. माझी बहुतेक मापं अशीच खर्ची पडली आहेत.

कायमचा क्रमांक मिळायला साधारण चार किंवा जास्त प्रतियुतींची मापं लागतात, म्हणजे बरीच वर्षं. क्रमांक मिळाल्यावर नाव सुचवायचा पहिला हक्क शोधणाऱ्याचा, दहा वर्षांपर्यंत, आणि नाव सोळा अक्षरांच्या आत बसवायचं. तोवर मूळ फ्रेम, सेटिंगची फाइल आणि पाठवलेल्या ओळी एकाच फोल्डरमध्ये, तारखेच्या नावाने ठेवा. सहा वर्षांनी त्या मापाबद्दल शंका आली, तर फक्त अहवाल हाताशी असून भागत नाही. मूळ पिक्सेल उघडून तो ठिपका पुन्हा मोजावा लागतो.